सहा विकेट गेल्या, त्याचं काय?

आमच्याकडे पावसामुळे सामना बंद पडला असं सांगितलं की मुंबईचे पाहुणे हसतात. तुमच्याकडे पाऊस? टँकरचा जिल्हा तुमचा! हसू देत. मराठवाड्यात क्रिकेटचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मे अखेरीपर्यंत रेटला जातो. या सहा-सात महिन्यांत पाऊस येतो तो बिनबोलावलेलाच. फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट कुणी विसरलेलं नाही. २०२३च्या नोव्हेंबरअखेरीला अवकाळीने झोडपलं, तेही ताजंच आहे. आणि वळीव तर आमच्या फायनलची तारीख विचारूनच येत असावा. जूनमध्ये पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसावं तर ढग फिरकत नाही, आणि मे महिन्यात करंडक टेबलावर मांडला की चिकलठाण्याच्या बाजूने आभाळ काळं होतं.

मी छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत राहतो. बँकेत कॅशियर होतो, आता निवृत्त. गेली पंचवीसएक वर्षं सुट्टीच्या दिवशी सामन्यांचा स्कोअर लिहितो. आमखास, गरवारे, विद्यापीठ, वाळूजकडची मैदानं, जिथे बोलावतील तिथे जातो. चहा, वडापाव आणि कधीमधी पेट्रोलचे पैसे मिळतात. घरच्यांना हे वेड वाटतं, आणि आहेच ते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक फायनल झाली. स्पर्धेचं नाव लिहीत नाही. सगळे ओळखीचे आहेत आणि चूक त्यांची एकट्याची नव्हती. जर्सीच्या रंगावरून संघांना पिवळे आणि निळे म्हणू. पिवळ्यांनी २० षटकांत १५१ केल्या. निळ्यांच्या १० षटकांत ६ बाद ७८ झाल्या होत्या. मग आधी धूळ आली, स्कोअरशीटवर ठेवलेला दगड हलला, आणि पाठोपाठ टपोरे थेंब. पिचवर टाकायला मंडपवाल्याकडून आणलेली एकच ताडपत्री, तीही एका कोपऱ्यात फाटकी. पाऊण तासात पाऊस थांबला, पण तोवर क्रीझवर घोटाभर चिखल झाला होता.

आयोजकांनी मोबाईल काढला. १५१ भागिले २०, षटकामागे ७.५५. दहा षटकांचे ७५.५. निळ्यांचे ७८, म्हणजे निळे जिंकले. प्रमुख पाहुण्यांना पुढे एका उद्घाटनाला जायचं होतं, ते गाडीपाशीच उभे होते. मी निकालाच्या रकान्यात निळ्यांचं नाव लिहिलं आणि सही केली.

पिवळ्यांचा कर्णधार माझ्या टेबलाशी आला. विशी-बाविशीतला पोरगा. आवाज चढवला नाही. म्हणाला, ‘काका, रनरेट मान्य. पण त्यांच्या सहा विकेट गेल्या होत्या, त्याचं काय?’ मागून त्यांचा यष्टिरक्षक म्हणाला, ‘चाचा, चार विकेट में चौहत्तर होना था उनकू, बनते थे क्या?’ मी सांगितलं, नियमात रनरेटच आहे. खरं तर नियमात काहीच नव्हतं. प्रवेश फीच्या पावतीमागे छापलेल्या बारा नियमांत पावसाचा शब्दसुद्धा नव्हता.

तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

कॅशियरच्या भाषेत सांगतो. फलंदाजी करणाऱ्या संघाची दोन खाती असतात. एकात षटकं, दुसऱ्यात विकेट. रनरेट फक्त पहिल्या खात्याचं पासबुक बघतो. दुसऱ्या खात्यात खडखडाट असला तरी त्याच्या गावी नसतं. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी दोन्ही खात्यांची बेरीज एका आकड्यात आणली आणि त्याला ‘रिसोर्स’ म्हटलं. आपण शिल्लक म्हणू. ५० षटकं आणि दहाच्या दहा विकेट हातात असतील तर शिल्लक १०० टक्के. २० षटकं आणि दहा विकेट असतील तर ५६.६ टक्के. हे ४० टक्के का नाही, असं पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. कारण सोपं आहे: तेवढ्याच दहा विकेट कमी षटकांत उधळायला मिळतात, म्हणून माणूस पहिल्या चेंडूपासून मारतो.

आता आमची फायनल घ्या. दहा षटकं बाकी आणि चारच विकेट हातात, तर कोष्टकात शिल्लक २२.८ टक्के. निळ्यांनी ५६.६ घेऊन सुरुवात केली होती, म्हणजे ३३.८ खर्च झाले. १५१ गुणिले ३३.८, भागिले ५६.६. उत्तर ९०.१७. बरोबरीला ९० हव्या होत्या आणि झाल्या होत्या ७८. पण याच ७८ धावा दोनच विकेट गमावून झाल्या असत्या तर शिल्लक ३०.८, खर्च फक्त २५.८, आणि बरोबरीचा आकडा ६८. तेव्हा निळे हक्काने जिंकले असते. धावा तेवढ्याच, षटकं तेवढीच, निकाल उलटा. पोरगा जे विचारत होता त्याचं उत्तर एवढंच होतं आणि ते १९९७पासून जगात उपलब्ध होतं. १ जानेवारी १९९७ला हरारेत झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली; झिम्बाब्वे ७ धावांनी जिंकलं.

त्याआधीचं सिडनी माझ्या पिढीला पाठ आहे. २२ मार्च १९९२, विश्वचषकाची उपांत्य फेरी. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ हव्या होत्या, पाऊस आला, आणि खेळ परत सुरू झाला तेव्हा फलकावर होतं: १ चेंडू, २२ धावा. त्या नियमात पहिल्या संघाची सगळ्यात कमी धावांची षटकं वजा व्हायची. म्हणजे इंग्लंडची जी षटकं वाया गेली होती तीच कापली, आणि लक्ष्य जवळपास जागचं हललं नाही. डकवर्थ-लुईसने तोच हिशोब केला तर शेवटच्या चेंडूवर जिंकायला पाच धावा लागल्या असत्या. षटकार मारायची संधी तरी होती. आम्ही तेव्हा रेडिओला कान लावून बसलो होतो, आणि भारताचा सामना नसूनही सगळ्यांची तोंडं उतरली होती.

तर, दिवाळीत पुतणी पुण्याहून आली. सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला फायनलची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘काका, यासाठी अ‍ॅप आहेत की ढीगभर.’ म्हटलं, अ‍ॅप आकडा सांगतं, हिशोब दाखवत नाही. हरलेल्या पोराला मी नुसता आकडा दाखवला तर तो म्हणणार, मोबाईल तुमचा, आकडाही तुमचाच. तिला ते पटलं. ‘मग लायब्ररी लिहू,’ म्हणाली. मला वाटलं वाचनालय. तिने समजावलं: हिशोबाच्या एकेका पायरीचं छोटं फंक्शन, सगळी एका गठ्ठ्यात, कुणीही उघडून वाचावीत, चूक दाखवावी, आपल्या कामात जोडून घ्यावीत. पायथनमध्ये तीन संध्याकाळी बसून तिने तो गठ्ठा बांधला. मी शेजारी बसून चकल्या खाल्ल्या आणि चुका काढल्या.

पहिली चूक लगेच सापडली. क्रिकेटमध्ये १४.३ म्हणजे चौदा षटकं आणि तीन चेंडू, एकूण ८७ चेंडू. संगणकाला १४.३ म्हणजे चौदा पूर्णांक तीन दशांश. त्याने सहाने गुणून ८५.८ चेंडू काढले. पॉइंट आठ चेंडू कसा टाकतात हे मला कुणीतरी दाखवावं. पुतणीने कपाळाला हात लावला आणि सगळा हिशोब चेंडूंत करून टाकला. षटकं फक्त माणसांना दाखवण्यापुरती ठेवली.

दुसरी गोष्ट तिने स्वतःहून केली आणि तिथे मला ती घरची मुलगी वाटली. टक्के तिने दशांशात ठेवलेच नाहीत, ५६.६चे ५६६ केले, पूर्णांक. कारण संगणक दशांशात कधी कधी केसभर घसरतो. २२९ यायचे तिथे २२८.९९९९ येतात आणि पुढे अपूर्णांक कापला की २२८ उरतात. एका धावेने निकाल फिरतो. आम्ही कॅशवाले हे वेगळ्या कारणाने शिकलो होतो: हिशोब पैशांत ठेवावा, रुपयांत बोलावा.

मग कोष्टक. षटकवार कोष्टकात ५० ओळी आणि १० रकाने, पाचशे आकडे. पीडीएफमधून तिने ते काढले, पण मी रुजुवात घेतल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. ती स्क्रीनवरून वाचायची, मी छापील कागदावर पट्टी ठेवून बरोबरची खूण करत जायचो. एका ओळीत रकाने एक घर सरकले होते. ते सापडल्यावर तिने कायमची चाचणीच लिहिली: खाली येताना आकडा वाढता कामा नये, विकेट गेल्यावरही आकडा वाढता कामा नये, तसं नसेल तर लायब्ररी चालायलाच नकार देईल. अशी चाचणी बँकेत असती तर माझ्या किती रात्री वाचल्या असत्या!

आता खरी परीक्षा. ३ मार्च २००३, डर्बन. श्रीलंका २६८. दक्षिण आफ्रिका ४५ षटकांत ६ बाद २२९, आणि धो धो पाऊस. पाच षटकं बाकी, चार विकेट हातात, शिल्लक १४.३ टक्के. खर्च ८५.७. आमच्या लायब्ररीने २२९.६८ काढून खालचा पूर्णांक घेतला: बरोबरी २२९ला, जिंकायला २३०. त्या दिवशी मार्क बाउचरने शेवटून दुसऱ्या चेंडूवर षटकार मारून २२९ गाठले आणि शेवटचा चेंडू नुसता अडवला. ड्रेसिंग रूममधून आलेला आकडा तो विजयाचा समजला होता. तो बरोबरीचा होता. यजमान संघ स्वतःच्या विश्वचषकातून साखळीतच बाहेर गेला. गणित बिनचूक होतं, वाचण्यात एक धाव कमी पडली. म्हणून मी पुतणीकडून दोन फंक्शनं वेगळी करून घेतली, एक ‘बरोबरी’ आणि एक ‘जिंकायला’, आणि स्क्रीनवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसलेच पाहिजेत असा हट्ट धरला. ती म्हणाली, एकात एक मिळवला की दुसरा येतो, कशाला दोन? म्हटलं, बाउचरला विचार.

अहमदाबादची २०२३ची आयपीएल फायनलही लावून पाहिली. गुजरात २१४. चेन्नईचे तीन चेंडू झाले आणि पाऊस. मग १५ षटकांत १७१. साधं प्रमाण धरलं तर १६१ आले असते, आणि तेव्हा आमच्या गल्लीत कट्ट्यावर बरीच भांडणं झाली होती की हे दहा रन आले कुठून. १५ षटकं, दहा विकेट म्हणजे ४५.२ टक्के, २१४ गुणिले ४५.२ भागिले ५६.६, १७०.९. ते तीन चेंडू बाजूला ठेवले तरी हिशोब तिथेच येतो: १७१. जडेजाने शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारला, ते मात्र कुठल्याही कोष्टकात नव्हतं.

ही लायब्ररी म्हणजे सर्व रोगांवर औषध नाही, हेही सांगतो. हे जुनं छापील कोष्टक ५० षटकांच्या सामन्यांवरून बेतलेलं. आठ षटकांच्या टेनिस बॉल सामन्यात, जिथे साठ यार्डांवर भिंत आहे, ते तंतोतंत बसेल असा दावा मी करणार नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत तर आता हे कोष्टक वापरतही नाहीत. तिथे संगणकावरच चालणारी नवी आवृत्ती आहे. पहिल्या डावात डोंगर रचला गेला तर ती टक्केवारीच बदलते. २०१४पासून ऑस्ट्रेलियाचे प्राध्यापक स्टीव्हन स्टर्न तिची देखभाल करतात, म्हणून नावात तिसरं अक्षर ‘एस’ आलं आणि ती डीएलएस झाली. लुईस २०२०मध्ये गेले, डकवर्थ २०२४च्या जूनमध्ये. आणि आपल्या देशातल्या विजय हजारे करंडकात यातलं काहीच नाही. तिथे केरळचे अभियंता व्ही. जयदेवन यांची व्हीजेडी पद्धत. तिचा पाया दोन वक्ररेषांवर, एक नेहमीच्या डावाची आणि एक सुधारित लक्ष्याची.

म्हणजे पैठणचा एखादा पोरगा चांगला खेळला, महाराष्ट्राच्या अंकित बावणेसारखा वर गेला, तर त्याने एकाच पावसाचे तीन हिशोब शिकायचे. गावात रनरेट, महाराष्ट्राकडून खेळताना व्हीजेडी, आयपीएलमध्ये डीएलएस. त्यातल्या वरच्या दोन्हींचे आतले आकडे त्याला बघायला मिळणार नाहीत. रनरेटचे मिळतील, पण ते चुकीचे.

माझा आक्षेप इथे आहे. डीएलएस वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ती आजवरची सगळ्यात न्याय्य पद्धत आहे. पण ज्या आकड्याने कुणी हरतो, तो आकडा कसा आला हे हरणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन तपासता आलं पाहिजे. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत की बाहेर, यावर आमच्या सवलती ठरतात. पीक कापणी प्रयोगाचा प्लॉट कुणाच्या शेतात टाकला, वजन कुणी केलं, भागाकार कुणी केला, यावरून गावोगाव वर्षानुवर्षं वाद होतात. सूत्र बरोबर असूनही माणूस चिडतो, कारण त्याला बेरीज दाखवलेली नसते. पीक विम्याचं उंबरठा उत्पन्न हीही त्यातलीच गत. क्रिकेट त्या मानाने फार छोटी गोष्ट आहे. छोट्या गोष्टीत तरी उघडेपणाची सवय लावून घ्यायला काय हरकत आहे?

आयसीसीने जुनं कोष्टक जसं जगासमोर ठेवलं तसं चालू आवृत्तीचं गणितही, निदान मागच्या हंगामाचे आकडे, खुले करावेत. बीसीसीआयने व्हीजेडीचं करावं. कुणी म्हणेल, मग कर्णधार त्यातून पळवाटा काढतील. काढू द्या की. नियम वाचून डावपेच आखणं म्हणजे लबाडी नव्हे. आणि हे आपल्यापासून दूर नाही: महाराष्ट्र प्रीमियर लीग तर जूनमध्येच खेळतात, ऐन पावसात. २०२३ची पहिली फायनल पावसात वाहून गेली आणि गुणतक्त्यात वर असल्यामुळे रत्नागिरी जेट्सना विजेतेपद मिळालं. आपल्या शहराच्या नावाचाही संघ त्या लीगमध्ये उतरला, छत्रपती संभाजी किंग्ज. त्यांच्या चाहत्यांना तरी पावसाचा हिशोब यायला हवा.

पण मुंबई-दुबईची वाट बघत बसू नये. स्थानिक आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे: पावतीमागच्या बारा नियमांत तेरावा घाला. पाऊस आला तर कोणती पद्धत, किमान किती षटकं झाली तर निकाल लागेल, आकडा कोण काढेल आणि कोणत्या साधनाने. टॉसच्या वेळी दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्या. पहिला डाव संपला की दहा मिनिटांत दुसऱ्या डावाचा तक्ता छापता येतो: आडव्या विकेट, उभी षटकं, चौकटीत बरोबरीच्या धावा. मी तो स्कोअररच्या टेबलाला चिकटपट्टीने लावतो. छापायला दोन रुपये.

यंदा एप्रिलमध्ये एकदा कामी आला. पहिल्या संघाच्या १३३ धावा झाल्या, मध्यंतरात सरी आल्या, दुसरा डाव १५ षटकांचा झाला. लक्ष्य १०७. पाठलाग करणाऱ्यांचा कर्णधार तावातावाने आला, ‘शंभरच होतात, सर!’ मी कागद त्याच्याकडे सरकवला आणि कॅल्क्युलेटर दिला. त्याने उभ्याउभ्या दोनदा गुणाकार केला, १०६.२, आणि पेन परत ठेवून म्हणाला, ‘ठीक है, एक सौ सात.’ पॅड बांधायला गेला. वाद मिटायला तीन मिनिटं लागली असतील.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या फायनलच्या स्कोअरशीटची झेरॉक्स माझ्याकडे आहे. करंडक निळ्यांच्या क्लबात आहे, पिवळ्यांचा कर्णधार नोकरीसाठी बाहेरगावी गेला. निकालाच्या रकान्यात माझ्या अक्षरात निळ्यांचं नाव आहे आणि खाली माझी सही. कोष्टकाप्रमाणे तो सामना पिवळे १२ धावांनी जिंकले होते.